बाबांची १९७९ची टाटा १२१० पुन्हा चालू झाली, पण सात किलोमीटरवर बंद पडते

कुंभार्लीकर

नमस्कार मंडळी,

बाबांची टाटा १२१० डी आहे, १९७९ सालची. कराड–चिपळूण लाइनला ती अठरा वर्षं चालली. खाली उतरताना गूळ, कांदा, बटाटा आणि वर येताना मीठ, सुकी मासळी नाहीतर जांभ्याचा चिरा. मी शाळेत असताना सुट्टीत क्लीनरच्या जागेवर बसून जायचो. कुंभार्ली घाटात गाडी दुसऱ्या गिअरला लागली की इंजिनचा जो घुमणारा आवाज यायचा, तो अजून कानात आहे.

२००९ नंतर गाडी धंद्यात नव्हती, शेतावरच्या शेडमध्ये उभी होती. धाकट्या भावाचं म्हणणं होतं की भंगारात देऊ, लोखंडाला भाव बरा आहे. मी देऊ दिली नाही. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं, पण गाडीचा विषय निघाला की बाजेवर उठून बसतात. त्यांच्यासमोर ही गाडी तुकड्या-तुकड्यांनी जाताना मला बघवली नसती.

गेल्या दिवाळीपासून दर रविवारी काम करतोय. काय काय केलं ते सांगतो. सगळ्यात आधी सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारी तोंडं) काढले आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडून दोन दिवस तसंच ठेवलं. मग पुढच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. पहिला अर्धा फेरा जड गेला, नंतर सुटलं. बाबांनी बजावलं होतं, "सेल्फ मारायचा नाही. रिंग चिकटली असली तर तुटेल." टाकी उतरवली तर तळाशी पेंडीसारखा गाळ. एअर क्लीनरच्या वाटीत ऑइलऐवजी उंदराचं घरटं. ऑइल, दोन्ही डिझेल फिल्टर, पंख्याचा पट्टा, पाण्याच्या पंपाचं सील, सगळं नवीन. मायको पंप, म्हणजे नोझलना डिझेल पुरवणारा मेन पंप, कराडच्या पंपवाल्याकडे बेंचवर लावून घेतला, नोझलही तपासून आणले.

डिझेलच्या लाइनमधली हवा काढली, सेल्फ मारला. तिसऱ्या प्रयत्नात लागली. आधी शेडभर पांढरा धूर, मग दोन सिलिंडर, मग चार, मग सहाही. बाबा अंगणातून ओरडले, "पाचवा अजून मागं राहतोय!" खरंच पाचव्याच्या नोझलचा पाइप नीट आवळलेला नव्हता.

आता अडचण. गाडी सहा-सात किलोमीटर झकास पळते. मग हळूहळू ताकद जाते, ॲक्सिलरेटर दाबला तरी उचलत नाही आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की सेल्फला लगेच लागते, पुन्हा सहा-सात किलोमीटर. चार रविवार हेच चाललंय. फिल्टर पुन्हा बदलून झाले. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

---

डबलक्लच

वाचून फार बरं वाटलं. मी गाडी पाथर्डी–मुंबई लाइनला चालवली आहे, पण ती टाटा १६१३. त्याआधीच्या गाड्यांवर किन्नर (क्लीनर) होतो. तुमच्या गाडीचं केबिन मूळचं लाकडी आहे का? तेव्हा कंपनीतून नुसती चासी आणि काउल (बॉनेटकडचा पुढचा पत्रा) यायचं, केबिन आणि हौदा आपल्या सुतार-लोहारांनी बांधायचा. फोटो टाका.

डिझेल गरम होऊन असं होतं असं काही जण म्हणतील. तसं वाटत नाही मला.

---

आगारवाला

कुंभार्लीकर, मी एसटीत दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत आणि नंतर आगारात मिळून चौतीस वर्षं काढली. ही इंजिनं आमच्या बसलाही होती, त्यामुळे हाताखालून भरपूर गेली. दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, त्या धरून पुढे जाऊ.

एक, बंद पडल्यावर तुम्ही हवा न काढता गाडी परत लागते. म्हणजे लाइन हवा घेत नाही. एअर घेतली असती तर अर्धा तासच काय, रात्रभर थांबलात तरी हवा काढायचा हातपंप मारल्याशिवाय लागली नसती. म्हणजे डिझेल येतंय, पण कमी येतंय.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारतो: ताकद जाते तेव्हा सायलेन्सरातून धूर कसा येतो? काळा आला तर हवा कमी पडते किंवा नोझल गळतात. निळा आला तर ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता वाफ होऊन जातंय, नाहीतर पाणी आत जातंय. आणि धूरच नाहीसा झाला, तर इंजिन उपाशी आहे. उपाशी इंजिन धूर करत नाही.

डिझेलची वाट टाकीपासून लक्षात घ्या. टाकीतली उभी नळी, तिथून चासीच्या कडेनं येणारा पाइप, रबरी होज, फीड पंप आणि त्याच्या तोंडाची जाळी, मग फिल्टर, मग मेन पंप. फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, त्याच्यापुढे ढकललं जातं. ढकलण्याच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर दिसतं. ओढण्याच्या बाजूचा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे माणसं महिना-महिना अडकतात.

पहिली तपासणी अगदी सोपी. गाडी बंद पडली की लगेच उतरून टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलंय. शेडमध्ये उभ्या गाड्यांच्या त्या छिद्रात कुंभारीण माशी मातीचं घर करते. अशी एक बस आम्ही तीन आगारांत फिरवली होती.

---

कुंभार्लीकर

आगारवाला काका, धूर नाहीसा होतो. आधी हलका राखाडी असतो, मग काहीच नाही. आज रविवार आहे, झाकणाचं बघतो.

---

मिस्त्रीची_नात

आगारवाला काकांनी नेमकं सांगितलंय. माझे आजोबा नगरला पंप मिस्त्री होते. त्यांच्या दुकानात नोझल तपासायचं यंत्र होतं, हातानं दांडा दाबायचा. चांगला नोझल दाबला की बारीक 'किर्रर्र' असा आवाज करतो आणि तोंडातून धुक्यासारखा फवारा निघतो. खराब नोझल मुका असतो, नाहीतर त्याच्या टोकाला थेंब लोंबतो. आजोबा डोळे मिटून तपासायचे. त्या फवाऱ्यासमोर बोट धरलं तर डिझेल कातडीच्या आत शिरतं आणि बोट जातं, म्हणून आम्हा पोरांना त्या टेबलाच्या जवळसुद्धा येऊ द्यायचे नाहीत. इथे जे स्वतः नोझल खोलतात त्यांनी हे कृपा करून लक्षात ठेवा.

तुमच्या पंपाच्या मागच्या टोकाला गोल चपटा डबा आहे का आणि त्याला मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीकडून) एक बारीक नळी येते का? असेल तर तो हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर, इंजिनाचा वेग आवरणारा. त्याच्या आत चामड्याचा पडदा असतो. जुनी गाडी उभी राहिली की चामडं सुकून कडक होतं आणि इंजिन नुसतं उभं असताना 'घुंऽ-घुंऽ' करत वर-खाली होत राहतं. आजोबा त्यात ऑइलचे थेंब सोडून पडदा बोटांनी मळायचे. पडदा फाटला असेल तर मात्र गाडी चालवू नका. आतली स्प्रिंग रॅकला (पंपातल्या, डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) कायम पूर्ण डिझेलच्या बाजूला ढकलते, हवेची ओढ तिला आवरून धरते. पडदा फाटला की आवरणारं कुणी उरत नाही आणि इंजिन हाताबाहेर पळतं.

---

नेकारकाठ

मी श्टुटगार्टजवळ राहतो, गाव मिरजेकडचं. या इंजिनाचं मूळ इथलं आहे म्हणून लिहावंसं वाटलं.

टेल्को (आताची टाटा मोटर्स) १९४५ साली रेल्वेची इंजिनं बनवायला जमशेदपूरला सुरू झाली. डायमलर-बेंझशी करार होऊन १९५४ पासून तिथे ट्रक बनू लागले. त्या गाड्यांमधलं ओएम ३१२ हे इंजिन जर्मनीत १९४९ साली आलं होतं: सहा सिलिंडर, ९० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), १२० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), साधारण ४.६ लिटर. त्यात डिझेल आधी छोट्या उपकक्षात जळायचं, म्हणून थंडीत चालू करायला हीटर प्लग लागायचे. करार १९६९ साली संपला आणि बॉनेटवरचा मर्सिडीजचा तारा जाऊन टाटांचं चिन्ह आलं. पुढचं काम आपल्या लोकांनी केलं. कुंभार्लीकर, तुमच्यात ६९२ असणार: सहा सिलिंडर, ९२ मिमी बोअर. स्ट्रोक तोच १२०, पण डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर मारलेलं. त्यामुळे हीटर प्लगची कटकट गेली. नंतरच्या ६९७ मध्ये बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८, म्हणजे ५६७५ सीसी. मला या नंबरांचं फार कौतुक वाटतं: पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे. ४०७ च्या इंजिनाला ४९७ म्हणतात तेही याच हिशेबानं.

इथे तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला वेगळी नंबरप्लेट मिळते, नंबरच्या शेवटी 'एच' अक्षर. वर्षाचा कर ठरलेला, १९१.७३ युरो, मग ती छोटी कार असो की ट्रक. उन्हाळ्यात गावोगावी जुन्या गाड्यांचे मेळे भरतात आणि तिथे लांब नाकाचे मर्सिडीज ट्रक उभे असतात. त्यांचं बॉनेट बघितलं की मला मिरजेच्या मार्केट यार्डातल्या गाड्या आठवतात. ट्रक हाही वारसा आहे हे इथे कायद्यानं मानलंय.

---

डबलक्लच

आपल्याकडे २०२१ साली विंटेज गाड्यांचा नियम आला, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी. पण तो दुचाकी आणि कार यांच्यापुरताच आहे. मालट्रक त्यात बसत नाही. ज्या गाड्यांनी या देशाचं धान्य, सिमेंट, ऊस, मीठ वाहिलं, त्यांना जपायला नियमात जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ट्रक धंद्यात नसला तरी रस्त्यावर आणायचा तर धंद्याच्या गाडीसारखंच दरवर्षी पासिंग, आणि पंधरा वर्षांवरच्या जड गाडीची फी एप्रिल २०२२ पासूनच साडेबारा हजार झाली होती. वर पर्यावरण कर. हौसेनं गाडी ठेवणाऱ्या माणसाला हे झेपत नाही, म्हणून गाड्या भंगारात जातात.

---

श्वास_घेऊ_द्या

माझं म्हणणं इथे आवडणार नाही, तरी लिहिते. माझं घर हायवेला लागून आहे आणि धाकट्याला दमा आहे. जुना ट्रक चढावर काळा लोट सोडून जातो तेव्हा आम्ही खिडक्या लावतो. जुन्या डिझेल इंजिनाबद्दलचं प्रेम मला समजतं, पण तो धूर कुणाच्या तरी छातीत जातो. ही इंजिनं धुरावरच्या बीएस नियमांच्या कितीतरी आधीची आहेत. रस्त्यावर आणायचीच कशाला?

---

कुंभार्लीकर

ताई, बरं झालं लिहिलंत. तुमचं बरोबर आहे आणि मी त्यावर आधीच विचार केला आहे. ही गाडी धंद्यात परत जाणार नाही. वर्षातून पाच-सात वेळा निघेल, तीही रिकामी. काळा लोट निघतो तो बहुतेक वेळा गाडी जुनी म्हणून नाही, तर पंपाचा स्क्रू जास्त डिझेलसाठी फिरवलेला, नोझल गळके आणि एअर क्लीनर बुजलेला म्हणून. पंप मी बेंचवर कंपनीच्या मापालाच लावून आणलाय, आणि रस्त्यावर निघेल ती पासिंग करून, कर भरूनच. तरीही नवीन इंजिनाइतकं ते स्वच्छ होणार नाही, हे मी मान्य करतो. म्हणूनच तिच्याकडून रोजचं काम घ्यायचं नाही.

---

आगारवाला

ताईंचा मुद्दा मलाही पटतो. आमच्या आगारात धूर करणारी बस सोडायची नाही असा माझा कटाक्ष होता, वरिष्ठ रागावले तरी. जुन्या गाडीवर ज्याचं खरं प्रेम आहे तो तिला धूर करू देत नाही. ॲक्सिलरेटर मारल्यावर क्षणभर करडा दिसेल, तेवढाच. सतत काळा दिसला की चावी काढून घ्या.

---

कुंभार्लीकर

झाकण तपासलं. काका, 'सुस्स' नाही झालं. छिद्र मोकळं आहे, तारेनं साफही केलं. फीड पंपाची जाळी काढून धुतली, त्यात थोडा गंज होता. गाडी काढली, आठ किलोमीटरवर बंद. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, "डबा लाव." मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा वाटलं, हे आधी का विचारलं नाही!

---

आगारवाला

बाबांना माझा नमस्कार सांगा. डबा लावणं हीच पुढची पायरी होती, मी उद्या लिहिणार होतो.

इतरांसाठी सांगतो. पाच-दहा लिटरचा स्वच्छ डबा इंजिनापेक्षा उंच, केबिनच्या कडेला घट्ट बांधायचा. फीड पंपाचा टाकीकडून येणारा पाइप सोडून तिथे डब्याची नळी जोडायची. परतीची नळीही डब्यातच. हवा काढायची आणि गाडी चालवायची. आता टाकीपासून फीड पंपापर्यंतची सगळी वाट बाजूला झाली. गाडी न थांबता चालली तर दोष त्या वाटेत, तरीही बंद पडली तर पंप-फिल्टरकडे. डबा सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावरच चालवा. तपासणीपुरतंच हे.

---

कुंभार्लीकर

डबा लावून बावीस किलोमीटर. एकदाही अडली नाही!

मग टाकीतली उभी नळी काढली, स्वच्छ होती. चासीचा लोखंडी पाइप हवा मारून बघितला, मोकळा. राहिला फक्त फीड पंपाच्या अलीकडचा दीड हाताचा रबरी होज. बाहेरून धडधाकट, क्लिपही नव्या. फुंकून बघितलं तर हवा आरपार. उलट बाजूनं तोंडानं ओढून बघितलं, तर ओढता ओढता बंद!

उभा चिरला. आतला थर फुगून सुटला होता आणि एका बाजूला पडदा झाला होता. हळू ओढ असली की डिझेल जायचं. गाडी जोरात पळाली की ओढ वाढून तो पडदा नळीचं तोंड बंद करायचा. अर्धा तास थांबलं की पडदा आपोआप मागे. म्हणूनच सात किलोमीटर, म्हणूनच हवा न काढता परत चालू.

होज बाबांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्यानं आतला थर चाचपला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "८६ साली पाटणच्या अलीकडं असंच झालं होतं. रात्रभर गुळावर ताडपत्री धरून बसलो होतो पावसात." ही गोष्ट त्यांनी घरात कधीच सांगितली नव्हती.

---

मिस्त्रीची_नात

वाचताना अंगावर काटा आला.

जुन्या गाड्यांचे सगळेच रबर बदला, एकाच होजवर थांबू नका. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं, अगदी एक टक्क्यापर्यंत. एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमचं (दहा लाख भागांत दहा भाग गंधक) डिझेल आहे. जुन्या डिझेलमध्ये मुरलेलं रबर नव्या डिझेलमध्ये आकसतं, सीलमधून पाझर सुरू होतो. डिझेलसाठीच बनवलेला होज मागून घ्या. पाण्याचा किंवा हवेचा होज दिसायला तसाच असतो, पण तो डिझेलमध्ये फुगतो. तुमचा होज मधल्या काळात कुणीतरी पाण्याचा लावला असेल, अशी मला शंका आहे.

---

डबलक्लच

आता घाटात नेणार ना? नेण्याआधी माझ्यासारख्या ड्रायव्हरचं ऐका.

ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवीन भरा. ते हवेतलं पाणी शोषतं. सपाटीला काही कळत नाही, पण घाट उतरताना चाकापाशी तापून त्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. व्हील सिलिंडरचे वायसर, होज, लायनर, सगळं खोलून बघा. कमानपाट्यांचा सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट आवळा. किंगपिनला ग्रीस जोपर्यंत दुसऱ्या बाजूनं बाहेर येत नाही तोपर्यंत मारा.

टायर नऊशे-वीस असतील, ट्यूब-फ्लॅपवाले. रिमची लॉक रिंग गंजलेली असेल तर हवा भरताना समोर उभं राहू नका. ती उडून माणसं गेली आहेत. पिंजऱ्यात घालून भरतात अशा दुकानातच न्या.

ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मधे गिअर पाडायची (खालचा गिअर घ्यायची) वेळ आणू नका. जुन्या बॉक्सला डबल क्लच लागतो आणि उतारावर एकदा न्यूट्रल झालेला गिअर परत बसत नाही. नवीन मुलांना हे कुणी शिकवत नाही: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा हलका ठोसा, परत क्लच आणि मग गिअर. पाय आणि कान एकत्र चालले की दात न वाजता गिअर बसतो. त्यासारखं समाधान नाही.

---

कुंभार्लीकर

तीन महिन्यांनी लिहितोय. ब्रेकचं सगळं काम झालं, टायर सहाही बदलले. पासिंगला पहिल्यांदा नापास, हॅण्डब्रेक कमी पडला. दुसऱ्यांदा पास.

गेल्या गुरुवारी पहाटे निघालो. कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्लीचं डोकं. बाबा शेजारी, मागे हौद्यात फक्त स्टेपनी आणि जॅक. चढावर तिसऱ्याला ओढत होती. बाबांचा हात गिअरच्या दांड्याजवळ नुसता धरलेला. एका वळणाआधी म्हणाले, "आता पाड." मी पाडला, एकदाही दात वाजले नाहीत. धूर आरशात बघत होतो, नव्हता.

वरच्या टपरीपाशी गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवूनच. बाबा उतरले, बॉनेटला हात लावून फिरले, पाचव्या नोझलच्या बाजूला कान नेला. चहा थंड झाला तरी तिथेच उभे होते. चिपळूणकडून आलेल्या एका नव्या ट्रेलरचा ड्रायव्हर, पंचविशीतला असेल, गाडी बाजूला घेऊन बघायला आला. त्याला बाबांनी हातपंप कसा मारायचा ते दाखवलं. खाली उतरलो नाही, तिथूनच परत फिरलो. ते पुढच्या वेळी, चिपळूणपर्यंत.

ताई, तुमच्या मुलाची तब्येत कशी आहे? वाटेतल्या गावांतून जाताना तुमची आठवण होती.

एक काम राहिलंय. रॉकर कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग कडक झालंय आणि मागच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरतं. बाजारात मिळालेलं पातळ आहे, बसत नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला कव्हर पुढच्या रविवारी काढणारच आहे. ६९२ चं जुन्या जाडीचं पॅकिंग कुणाकडे असेल, किंवा कॉर्कची शीट कापून देणारं दुकान सातारा-सांगलीकडे माहीत असेल, तर कळवा.

---

आगारवाला

शीट तीन मिमीची घ्या. जुनं पॅकिंग चुरगळून टाकू नका, त्यावरूनच माप काढायचं आहे. कापताना बोल्टाची भोकं आधी पाडा, कडा नंतर. लावण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवा आणि बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेनं आवळत जा, हलक्या हातानं. रविवारी टॅपेट लावताना बाबांना शेजारी बसवा.